सांबरा ते लंडन ७,६०६ किलोमीटर: या आकड्याचं करायचं काय?

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून लंडनचं हीथ्रो सरळ रेषेत ७,६०६ किलोमीटर आहे. न्यूयॉर्कचं जेएफके १२,९३६, दुबई २,२५६, सिंगापूरचं चांगी ३,६००. दोन विमानतळांची नावं टाकली की असे आकडे इंटरनेटवर कुठेही दोन सेकंदांत मिळतात आणि खाली उड्डाणाचा वेळही येतो. लंडनसाठी साधारण साडेनऊ तास. अडचण इतकीच की सांबऱ्याहून लंडनला विमान जात नाही, जाण्याची शक्यताही नाही. धावपट्टी २,३०० मीटरची, तीही समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे उड्डाणाला जास्त धाव लागते. एअरबस ३२० किंवा एम्ब्रेअर १७५ इथे आरामात उतरतं, पण अटलांटिक ओलांडण्याइतकं इंधन भरलेलं बोइंग ७७७ इथून उठणार नाही. बंगळुरूच्या धावपट्ट्या ४,००० मीटरच्या आहेत त्या उगाच नाहीत. शिवाय सांबऱ्याला इमिग्रेशन आणि कस्टम्स नाही.

म्हणजे सीमाभागातल्या माणसाचा परदेश प्रवास किमान दोन टप्प्यांचा. त्यामुळे ‘किती लांब’ यापेक्षा ‘कुठून वळून’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मुंबई, बंगळुरू, दिल्ली की हैदराबाद?

बेळगावात सवयीचं उत्तर ठरलेलं असतं: ज्या शहरात पाहुणे, तिथून जायचं. भूगोलाचं उत्तर वेगळं आहे आणि ते मोजता येतं. सांबरा ते मुंबई ४०४ किलोमीटर, मुंबई ते हीथ्रो ७,२१३. बेरीज ७,६१७. थेट अंतराच्या वर फक्त अकरा किलोमीटर! मुंबई बेळगाव-लंडन रेषेवरच बसलेली आहे. तेच बंगळुरूमार्गे केलं तर आधी ४४५ किलोमीटर उलट्या दिशेला, मग तिथून ८,०४६, एकूण ८,४९१. जवळपास नऊशे किलोमीटर, म्हणजे हवेतच एक तास वाया. दिल्लीमार्गे ८,१६७ आणि हैदराबादमार्गे ८,१८७. ही दोन्ही शहरं दिसायला भलतीकडे आहेत, पण लंडनच्या हिशेबात सारखीच पडतात.

न्यूयॉर्कसाठी तर मुंबई आणखी चपखल. ४०४ अधिक १२,५३२ म्हणजे १२,९३६, थेट अंतराइतकंच. दिल्लीमार्गे अडीचशे किलोमीटर जास्त पडतात. इतक्या लांबच्या प्रवासात हा फरक किरकोळ समजावा आणि विमान कुठलं सोयीचं हे बघावं.

पूर्वेला तोंड केलं की चित्र उलटतं. सिंगापूरला बंगळुरूमार्गे ३,६२३, थेट अंतरापेक्षा तेवीस किलोमीटर जास्त. मुंबईमार्गे ४,३२५. सव्वासातशे किलोमीटरचा हा वळसा कशासाठी? पुढे सिडनी-मेलबर्नला जाणाऱ्यांनीही आधी बंगळुरूचे पर्याय बघावेत. आपल्याकडे ‘परदेश म्हणजे मुंबई’ हे समीकरण इतकं पक्कं आहे की ऑस्ट्रेलियाला निघालेलं पोर आधी कोल्हापूर, कराड, सातारा करत उत्तरेला जातं.

आखाताचं गणित आणखी मजेशीर. दुबईसाठी मुंबईमार्गे २,३३० किलोमीटर, म्हणजे ७४ जास्त. पण बेळगावकरांना गोवा हाताशी आहे. मोपा विमानतळ सांबऱ्यापासून सरळ रेषेत ८२ किलोमीटर, मोपा ते दुबई २,१९४. बेरीज २,२७६. अंतर सर्वांत कमी, मुंबईची गर्दी नाही, देशांतर्गत विमानाचा उशीर अंगावर नाही. ज्या दिवशी थेट विमान मिळेल त्या दिवशी हाच मार्ग घ्यावा. अर्थात हे ८२ किलोमीटर विमानाचे. चोर्ला घाट किंवा आंबोलीतून गाडीने त्याच्या दीडपट होतात, आणि पावसाळ्यात दरड पडली तर किती होतील सांगता येत नाही. जुलै-ऑगस्टात घाट उतरायला नेहमीपेक्षा दोन तास जादा धरावेत.

निपाणी, चिकोडीकडच्यांनी सांबरा धरून बसू नये. निपाणीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी जवळ आहे. धारवाडच्या बाजूच्यांना हुबळी आहे. मात्र या छोट्या विमानतळांवरची विमानं हंगामागणिक बदलतात, कधी एखादा मार्ग बंदच होतो. त्यामुळे गेल्या वर्षी चुलतभाऊ कसा गेला यावर बेत आखू नये, त्या महिन्याचं वेळापत्रक बघावं.

नाव आणि कोड

मोजायला बसताना पहिली चूक इथे होते. ‘बेल’ एवढंच टाइप केलं की बेलग्रेड, बेलफास्ट, ब्राझीलचं बेलेम अशी रांग लागते. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण अनेक ठिकाणी जुनंच नाव आहे. एक लिहून सापडलं नाही तर दुसरं लिहावं. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे विमानतळाचा तीन अक्षरी कोड: आय-एक्स-जी. रेल्वेची सवय असलेले लोक बी-जी-एम टाकतात, कारण बेळगाव स्टेशनचा कोड तो आहे. विमानांच्या दुनियेत बी-जी-एम म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन! आणि आय-एक्सने सुरू होणारे कोड भारतात ढीगभर आहेत. आय-एक्स-ई मंगळुरू, आय-एक्स-सी चंदीगड, आय-एक्स-बी बागडोगरा. शेवटचं अक्षर दोनदा बघावं.

गोव्याचे विमानतळ आता दोन. दाबोळीचा कोड जी-ओ-आय, मोपाचा जी-ओ-एक्स. दोन्हींत सरळ रेषेत चाळीस किलोमीटर, मध्ये मांडवी आणि झुआरी. मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. शोधताना नुसतं ‘गोवा’ लिहिलं तर दोन्हींची तिकिटं एकत्र दिसतात आणि स्वस्त तिकीट नेमकं दुसरीकडचं निघतं. मुंबईतही आता नवी मुंबईची भर पडली आहे, कोड एन-एम-आय. रस्त्याने जाणाऱ्या बेळगावकराला पनवेलमार्गे तो मुंबईच्या जुन्या सहार विमानतळापेक्षा आधी लागतो. पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान धरायचं असेल तर मध्ये मुंबईचा रस्ता आहे, हे विसरू नये.

अंतर स्वतः कसं काढायचं

पृथ्वी चेंडूसारखी धरली तर शाळेतला साइन-कोसाइनवाला कॅल्क्युलेटर पुरतो. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. हीथ्रो ५१.४७०६ उत्तर, ०.४६१९ पश्चिम. दोन अक्षांशांचे साइन गुणा: ०.३२७० गुणिले ०.७८२३, उत्तर ०.२५५८. मग दोन अक्षांशांचे कोसाइन गुणा आणि त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. पश्चिम रेखांश ऋण असल्याने फरक ७३.३२९८ अंश. ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८६९, उत्तर ०.१६८९. दोन्हींची बेरीज ०.४२४७. याचा उलटा कोसाइन ६४.८७ अंश. एक अंश म्हणजे १११.१९५ किलोमीटर, म्हणून ७,२१३.

पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. चांगली साधनं हा चपटेपणा धरून मोजतात, म्हणून त्यांचं उत्तर काही किलोमीटर इकडेतिकडे येतं. फरक अर्ध्या टक्क्यापर्यंत असेल तर काळजी नको. त्याहून जास्त असेल तर कुठेतरी चुकलं आहे.

कुठे चुकतं तेही ठरलेलं. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर राहिलेला असतो. उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की लगेच कळतं. अंश-कला-विकलांचा (डिग्री-मिनिट-सेकंदांचा) घोटाळा मात्र लपून राहतो. सांबऱ्याचा अक्षांश १५ अंश ५१ कला ३३ विकला. तो दशांशात १५.८५९२ होतो. घाईत १५.५१ लिहिलं की विमानतळ ३९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो, पार खानापूरच्याही खाली. लांबच्या अंतरात ही चूक सहज पचून जाते.

पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह सोडणं ही सगळ्यांत महागडी चूक. लंडनच्या बाबतीत ती दिसतही नाही, कारण लंडन शून्य रेखांशालाच चिकटलेलं आहे. चिन्ह विसरलं तरी उत्तर ७,१४९ येतं, खरं वाटतं. न्यूयॉर्कला मात्र धमाल. जेएफकेचा रेखांश ७३.७८ पश्चिम, मुंबईचा ७२.८७ पूर्व. चिन्ह सोडलं की दोन्ही जवळपास एकाच रेखांशावर येतात आणि मुंबई-न्यूयॉर्क अंतर २,४०० किलोमीटर भरतं. न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन बसतं.

जवळच्या अंतरांना हे सूत्र वापरू नये. सांबरा-मोपासाठी शेवटची बेरीज ०.९९९९२ येते. चारच दशांश ठेवले तर ८२ च्या जागी ९० किलोमीटर येतात. तिथे सोपा हिशेब बरा: अक्षांशांतला फरक गुणिले १११, रेखांशांतला फरक गुणिले १०७ (आपल्या अक्षांशावर एका रेखांशाची रुंदी तेवढीच भरते), आणि पायथागोरस.

एककांचंही बघावं. विमानवाले सागरी मैल वापरतात, १ सागरी मैल १.८५२ किलोमीटर. अमेरिकी साइटवरचा मैल १.६०९ चा. मुंबई-लंडन ३,८९५ सागरी मैल किंवा ४,४८२ साधे मैल. एकाच्या जागी दुसरा धरला की पंधरा टक्के चूक.

रेषा आणि वाट

नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा सर्वांत जवळची नसते, पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो जिथून जातो ती असते. बंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को बघा. सपाट नकाशावर वाटतं की चीन, जपान, पॅसिफिक असं सरळ पूर्वेला जायचं. दोरा ताणला की तो बंगळुरूहून जवळपास उत्तरेला निघतो, नेपाळात अन्नपूर्णेच्या शिखरांजवळून तिबेटात शिरतो, पूर्व सायबेरियाच्या उत्तरेकडच्या समुद्रावर ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे उतरतो. अंतर १३,९८८ किलोमीटर.

या रेषेवरून प्रवासी विमान जात नाही. तिबेटच्या पठारावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच. डोक्यावरच्या मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पाव तास पुरतो. म्हणून त्या भागावरून जायचं तर सुटकेच्या वाटा आधी आखाव्या लागतात. बहुतेक कंपन्या वळसाच घेतात.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू पहिलं विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि सर्व महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून आणलं, ती बातमी अनेकांना आठवत असेल. ध्रुवावरून म्हणजे केवढा फेरा, असं वाटतं. मोजून बघा: सॅन फ्रान्सिस्को ते ध्रुव ५२.३८ अंश, ध्रुव ते बंगळुरू ७६.८० अंश, बेरीज १२९.१८, म्हणजे १४,३६४ किलोमीटर. सर्वांत जवळच्या रेषेहून पावणेचारशे किलोमीटरच जास्त. वारा अनुकूल असेल तर एवढा फरक सहज भरून निघतो.

मुंबई-लंडनची रेषा दिसायला साधी, पण आजच्या जगात फार अडचणीची. ती कराचीच्या जवळून पाकिस्तानात शिरते, इराणचं वाळवंट ओलांडते, अझरबैजानवरून अझोव्ह समुद्राच्या बाजूने युक्रेनमध्ये जाते आणि मग जर्मनीकडून लंडन. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून आपलं आकाश बंद केलं. इराणची हवाई हद्द तणाव वाढला की कधीही बंद होते. मग अरबी समुद्रावरून रियाध, कैरो, लंडन असा कोन करून गेलं तर ७,९१५ किलोमीटर भरतात. सातशे किलोमीटर जास्त, म्हणजे पाऊण तासाहून थोडं अधिक. हद्द बंदी प्रत्येक कंपनीला सारखी लागू नसते. भारतीय कंपनीला बंद असलेलं आकाश परदेशी कंपनीला खुलं असू शकतं. म्हणून त्याच दोन शहरांमधल्या दोन कंपन्यांच्या वेळांत तासाभराचा फरक दिसतो. अंतराचा आकडा दोघांनाही तोच.

किलोमीटरचे तास

मोठं जेट ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, एअरबस ३२० ताशी ८३० च्या जवळ, पंख्याचं एटीआर ताशी ५०० च्या. ढोबळ हिशेबाला लांबच्या विमानासाठी अंतर भागिले ८५० करावं आणि त्यात अर्धा तास मिळवावा. तो अर्धा तास चढणं, उतरणं आणि जमिनीवर सरकणं यांचा. मुंबई-लंडन नऊ तास येतात. दुबईसारख्या मधल्या अंतराला ८०० ने भागावं. मुंबई-दुबई तीन तासांना थोडे कमी. सांबरा-मुंबईसारख्या छोट्या उड्डाणाला हा नियमच निरुपयोगी आहे. ४०४ किलोमीटरला जेटने अर्धा तास पुरायला हवा, पण वेळापत्रकात तास-सव्वा तास लिहिलेला असतो, आणि ते बरोबरच आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान आकाशात घिरट्या घालतं, उतरल्यावर उभं राहायला जागा मिळेपर्यंत थांबतं. तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. त्यात हे सगळं धरलेलं असतं.

मग वारा. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. सरासरी ताशी ७० किलोमीटरचा समोरचा वारा धरला तर मुंबई-लंडन पावणेदहा तास, परतीला तोच पाठीवर घेतला तर आठ तास वीस मिनिटं. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असं वाटतं, पण तसं होत नाही. ६,००० किलोमीटर ताशी ८५० ने दोन्हीकडे मिळून चौदा तास सात मिनिटं. शंभरचा वारा आला की जाताना ७५० ने आठ तास, येताना ९५० ने सहा तास एकोणीस मिनिटं. एकूण चौदा तास एकोणीस. प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा मोठा. पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात, त्यामुळे आखाताच्या फेऱ्यांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा नियम सैल होतो, कधी उलटतोही.

तिकीट वाचणं

वेळा नेहमी त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून पहाटे २.३० ला सुटून लंडनला सकाळी ७ ला पोहोचणारं विमान साडेचार तासांत जात नाही. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे. ७ अधिक ५.३० म्हणजे आपले दुपारचे साडेबारा, प्रवास दहा तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतं. न्यूयॉर्क त्यानुसार साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. युरोप आणि अमेरिकेच्या तारखा जुळत नाहीत, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा लंडनमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांचं गणित एक तासाने हुकतं. दुबईला घड्याळ बदलत नाही, बाराही महिने दीड तास मागे.

बंगळुरूहून दुपारी २ ला निघून सतरा तास उडालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला हिवाळ्यात त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला उतरतं. येताना उलट: तारीख एक, कधी दोन दिवस पुढे जाते. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘अधिक १’ किंवा ‘अधिक २’ असतं ते वाचावं, नाहीतर न्यायला येणारी गाडी एक दिवस आधी मुंबईत जाऊन थांबते.

सीमाभागातून जाणाऱ्यांचा सर्वांत जास्त घात होतो तो मध्यरात्रीनंतरच्या विमानाने. मुंबईहून आखाताला आणि युरोपला जाणारी बरीच विमानं रात्री एक ते पाचच्या दरम्यान सुटतात. १५ तारखेचं पहाटे अडीचचं विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री साडेअकराला विमानतळावर. बेळगावहून रात्रीची बस १३ ची, किंवा सांबऱ्याचं विमान १४ चं. १४ च्या रात्री बेळगावच्या स्टँडवर बॅगा घेऊन उभा राहिलेला माणूस पुण्याला पोहोचण्याआधीच त्याचं विमान अरबी समुद्रावर असतं.

मुंबईत मधला वेळ किती ठेवावा

एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर उशिराची जबाबदारी कंपनीची, सामान पुढे जातं आणि वजनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय लागते. शक्यतो असंच घ्यावं, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. दोन वेगळी तिकिटं घेतली की सांबऱ्याच्या विमानाला देशांतर्गत, बहुधा १५ किलोची मर्यादा. दोन मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्याला तिथेच जादा वजनाचे पैसे पडतात, आणि बेळगावचा कुंदा, लोणची धरली तर पडतातच. मुंबईत सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. पहिलं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला उतरलं आणि दुसरं सहारच्या टर्मिनल २ वरून असेल तर मध्ये शहराचा रस्ता. परदेशी विमानाचं काउंटर सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होतं, काही कंपन्यांचं सव्वा तास.

वेगळ्या तिकिटांवर सहा तासांपेक्षा कमी ठेवू नयेत. पावसाळ्यात आदल्या दिवशीच जावं. सांबऱ्याला जून ते सप्टेंबर ढग इतके खाली येतात की विमान न उतरताच परत जातं, आणि ते आलंच नाही तर तुम्हाला नेणारंही नसतं.

बेळगाव शहरातल्या घरापासून हीथ्रोच्या दारापर्यंतचा हिशेब असा: सांबऱ्यापर्यंत चाळीस मिनिटं, तिथे पावणेदोन तास, मुंबईपर्यंत सव्वा तासाच्या आत, मुंबईत सहा तास, उड्डाण दहा, उतरल्यावर इमिग्रेशन आणि सामानाला दीड. एकवीस तास. त्यात प्रत्यक्ष विमानात अकरा-सव्वाअकरा. रात्रीच्या बसने मुंबई गाठायचं तर दहा ते बारा तास. एकूण प्रवास सव्वीस-सत्तावीस तासांवर जातो. पण बस ढगांमुळे रद्द होत नाही, आणि उशीर झालाच तर तो निघाल्यापासून दिसत असतो, बसमध्ये बसूनही फोनवर मार्ग काढता येतो. कागल ते सातारा रस्त्याचं काम चालू असेल तर मात्र दोन तास जादा धरावेत.

परतीला एक गोष्ट वेगळी. तिकीट बेळगावपर्यंत एकच असलं तरी सामान मुंबईतच पट्ट्यावरून उचलावं लागतं, कारण कस्टम्स तिथे होतं. टॅगवर आय-एक्स-जी लिहिलेलं बघून लोक थेट पुढच्या गेटकडे निघतात आणि बॅगा मागे राहतात. इमिग्रेशन झालं की बॅगा घ्या, कस्टम्समधून बाहेर काढा, लगेच समोरच्या ट्रान्सफर काउंटरला पुन्हा द्या आणि मगच सुरक्षातपासणीला जा. या सगळ्याला दोन तास धरा. सांबऱ्याला जाणारी विमानं दिवसाला मोजकी, आणि ते चुकलं तर पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशीचं.